समोरचा कोण असतो?

शेअर विकला की स्क्रीनवर हिरवा आकडा दिसतो, घेणाऱ्याचं नाव दिसत नाही. एक्स्चेंजचं यंत्र किंमत आणि वेळ पाहून दोन ऑर्डरी जुळवतं. दुसऱ्या दिवशी शेअर त्याच्या डीमॅटमध्ये, पैसे माझ्याकडे. तीन वर्षं स्विंग ट्रेडिंग करतोय, पण तो कोण, हा प्रश्न मला पडला नव्हता.

पद्धत साधी आहे. इंट्राडेवाला साडेतीनच्या आत सगळं मिटवतो, गुंतवणूकदार वर्षानुवर्षं धरून बसतो. आम्ही मधले, काही दिवस ते काही आठवडे. समजा ४१२ला घेतला, स्टॉपलॉस ३९६, टार्गेट ४६०. सोळा गमावायची तयारी ठेवून अठ्ठेचाळीस मिळवायचे. दहापैकी सहा सौदे चुकले तरी, खर्च आणि कर सोडले तर, फायदाच. आपण चुकणार हे आधीच मान्य करायचं. (कोड लिहिताना एवढी नम्रता मला कधी जमली नाही.)

बाबा विचारतात, "कुणाचं तरी गेलं म्हणूनच तुला आलं ना?" माझं उत्तर तयार असतं : कंपनी वाढते, तसा शेअर सगळ्यांसाठीच वाढू शकतो, आणि कुणाला मुलीच्या फीसाठी विकायचा असेल, तर आमच्यासारख्यांमुळे गिऱ्हाईक मिळतं. खरं आहे हे. पण पंधरा दिवसांत कंपनी कितीशी वाढते? माझे अठ्ठेचाळीस रुपये बहुतेक कुणाच्या तरी आशेतूनच येतात. २०२२-२३मध्ये शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्या दहांपैकी सात जणांना तोटा झाला, असं सेबीचाच अभ्यास सांगतो. आमचा खेळ तोच नाही, पण शेजारचाच आहे.

तरी अनोळखी माणसाचं मी काही लागत नाही, असं मी मानायचो. अजूनही बऱ्यापैकी मानतो. त्याने स्वतःच्या बुद्धीने घेतलं, मी माझ्या बुद्धीने विकलं.

मग ऑफिसातल्या मित्राने जेवताना विचारलं, "सध्या काय बघतोयस?" मी नाव सांगितलं. त्याने घेतला. टार्गेट आलं त्या दिवशी मी लिफ्टची वाट बघत उभ्या उभ्या विकून टाकला. त्याला सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. सुचलंच नाही, असं मी स्वतःला सांगतो. पुढच्या आठवड्यात तिमाही निकाल आले आणि शेअर स्टॉपलॉसच्याही खाली उघडला.

"आता लाँग टर्म ठेवतो," तो म्हणाला. "मागच्या मंगळवारी अजून थोडे घेतले होते रे, ४६०ला."

मी मंगळवारीच विकला होता. त्याला तसं सांगितलं.

तो थोडा वेळ गप्प होता. मग फोन काढून ऑर्डर बुक उघडत म्हणाला, "किती वाजता?"