जोड कोणाशी लावावी?

मल्लाने आपल्यापेक्षा वरचढ मल्लाशी कुस्ती धरावी की तोडीच्या मल्लाशी, आणि दुबळ्याला चीत करून मिळवलेल्या इनामाला विजय म्हणावे का, हा प्रश्न वरवर तालमीतल्या हिशेबाचा वाटतो. मुळात तो नीतीचा प्रश्न आहे. प्रतिस्पर्धी जिथे चिठ्ठी टाकून किंवा नियमाने ठरतो तिथे तो उठत नाही. निवडीची मोकळीक असते तिथेच तो उठतो, आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जत्रांमधला कुस्त्यांचा हगामा ही अशी मोकळीक असलेली जागा आहे.

पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, कर्जत, जामखेड या तालुक्यांत जत्रा आणि हगामा सहसा एकमेकांना धरूनच असतात. रात्री देवाचा छबिना निघतो आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलली की फड भरतो. इनामे गावच्या वर्गणीतून ठरतात, नारळ फुटतो, हलगी कडाडते. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग इनामाचा आकडा चढत जातो आणि मानाची कुस्ती शेवटी लागते. मोठ्या कुस्त्या आधी नेमलेल्या असतात, पण मधल्या बऱ्याचशा जागेवरच जुळतात. लांग कसलेला मल्ल फडाला फेरी मारतो, पंच त्याचा हात वर धरून जोड विचारतात आणि गर्दीतून कोणीतरी सदरा उतरवत पुढे येतो. दोघांना शेजारी उभे करतात, उंची बघतात, दंड आणि मान चाचपतात. वजनकाटा नसतो. कोणी म्हणते जोड बरोबर आहे, कोणी म्हणते पोरगं हलकं पडतंय. वस्तादाने मान हलवली की हाताला हात लागतो. एवढ्या दोन-तीन मिनिटांत धैर्य, लोभ, जबाबदारी आणि न्याय या सगळ्यांचा निवाडा होऊन जातो.

स्पर्धेच्या कुस्तीने ही निवड मल्लाच्या हातातून काढून घेतली आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ साली सुरू केलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत किताबाचा गट ८६ ते १२५ किलोंचा असतो. माती आणि गादी या दोन विभागांचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. वाटेत कोण येईल हे मल्ल ठरवत नाही, म्हणून त्याने सोपा प्रतिस्पर्धी निवडला असा आरोपही करता येत नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने रचवलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही मल्लांची वय, देह आणि बळ यांवरून वर्गवारी केलेली आढळते. जोड समतोल असावी ही जाण या भूमीत जुनी आहे.

या प्रश्नाची सर्वांत सखोल चर्चा भागवताच्या दशम स्कंधात सापडते, आणि तीही ऐन आखाड्यात. मथुरेच्या रंगभूमीवर चाणूर कृष्णाला कुस्तीला बोलावतो. कृष्ण माघार घेत नाही, पण अट घालतो: आम्ही मुले आहोत, आमच्याच बळाच्यांशी खेळू, म्हणजे मल्लांच्या सभेत बसलेल्यांना अधर्म शिवणार नाही. चाणूर उत्तर देतो की हजार हत्तींचे बळ असलेल्या कुवलयापीड हत्तीला ज्याने लोळवले त्याला मूल कसे म्हणावे? त्याने बलवंतांशीच लढले पाहिजे, यात अन्याय नाही. कुस्ती जुंपल्यावर प्रेक्षकांतल्या स्त्रिया हळहळतात. कुठे हे डोंगरासारखे मल्ल आणि कुठे ही कोवळी पोरे, असे म्हणून त्या हा प्रकार पाहत बसणाऱ्या सभेलाच दोष देतात. अधर्म चालला असेल तिथे शहाण्याने थांबू नये, असे त्यांचे म्हणणे आहे.

तिन्ही बाजूंत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रसंग मोलाचा आहे. बळ वयावरून नव्हे, करणीवरून मोजावे हे चाणूरचे म्हणणे खोटे नाही. प्रत्येक वस्ताद नेमके हेच करतो. मागच्या जत्रेत कोणाला चीत केले हे तो विचारतो, जन्मसाल विचारत नाही. पण चाणूर बोलतो तो कंसाच्या हुकमावरून, आणि ती कुस्ती पारख करण्यासाठी नसून जीव घेण्यासाठी नेमलेली आहे. म्हणजे जोड न्याय्य ठरायला दोन गोष्टी लागतात: माप खरे हवे आणि हेतू पारखीचा हवा. स्त्रियांनी दाखवलेली तिसरी गोष्ट सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. विषम कुस्तीचा दोष लढणाऱ्या दोघांपाशी थांबत नाही. ती लावणाऱ्या पंचांवर आणि शिट्ट्या मारणाऱ्या गर्दीवरही तो येतो.

वरचढ प्रतिस्पर्धी निवडण्याच्या बाजूने महाभारतात एका अनपेक्षित माणसाची साक्ष मिळते. जरासंध आततायी राजा आहे, कित्येक राजांना त्याने बंदीत टाकले आहे. तरी कृष्ण, अर्जुन आणि भीम समोर उभे राहून ‘आमच्यातला कोण निवडतोस’ असे विचारतात, तेव्हा तो भीमाचे नाव घेतो. हरायचेच तर श्रेष्ठाकडून हरलेले बरे, असा त्याचा विचार सभापर्वात आला आहे. पुढे गदायुद्धाच्या वेळी युधिष्ठिर दुर्योधनाला पाचांतला कोणीही एक निवडायची मुभा देतो आणि कृष्ण त्याच्यावर संतापतो, कारण दुर्योधनाने नकुल किंवा सहदेव निवडला असता तर जिंकलेले युद्ध हातचे गेले असते. दुर्योधन तसे करत नाही. ज्यांचा बाकीचा आचार निंद्य ठरला, त्या दोघांनाही सोपा प्रतिस्पर्धी निवडण्याची लाज वाटली. या कथा रचणाऱ्यांनी ही लाज वीराच्या अगदी शेवटच्या गुणांत धरलेली दिसते. बाकी सारे गेले तरी ती उरते.

इथे एक तात्त्विक अडचण येते, आणि तिचा उलगडा जिल्ह्यातच झालेल्या एका ग्रंथाच्या आधाराने करता येतो. प्रवरेकाठच्या नेवाशात १२९० साली पूर्ण झालेली ज्ञानेश्वरी गीतेच्या ज्या उपदेशाचा विस्तार करते, त्यात जय आणि पराजय सारखे मानायला सांगितले आहे. दोन्ही सारखेच असतील तर जोड कोण आहे याने काय फरक पडतो? दुबळा असो की बलदंड, मल्लाने लढावे आणि मोकळे व्हावे. हा निष्कर्ष चुकीचा आहे. गीतेची समता फळापुरती आहे, कर्माच्या कसापुरती नाही. कर्म कुशलतेने करावे असे तीच गीता सांगते. उलट, सोपी जोड शोधणारा मल्ल फळाला चिकटलेला असतो. आपल्या नावावरचा पराभव त्याला सोसवत नाही, म्हणून तो निवडीतच निकाल लावून टाकतो. पराभवाची धास्ती गेली की कठीण जोड नाकारण्याचे मोठे कारणच संपते. समत्व माणसाला प्रतिस्पर्ध्याबद्दल बेफिकीर करत नाही. कठीण प्रतिस्पर्ध्यापुढे उभे राहण्याइतके मोकळे करते.

हगामा देवाच्या नावाने भरतो, या गोष्टीलाही इथे वजन आहे. तालमीत मारुती असतो, मल्ल माती कपाळाला लावून उतरतो. कुस्ती ही सेवा मानली तर देवापुढे ठेवायचे ते पुरते बळ. हलक्या जोडीशी लढणाऱ्याचे निम्मे बळ त्याच्यापाशीच राहते. आधी ठरवून केलेली नुरा कुस्ती या दृष्टीने फसवणूकच आहे, पण जाणूनबुजून हलकी जोड घेणे हे तिच्यापासून फार दूर नाही. दोन्हींत निकाल आधीच ठरलेला असतो. फरक इतकाच की दुसऱ्या प्रकारात समोरच्याला ते ठाऊक नसते.

कठीण जोडीचा व्यवहारातला लाभ खाशाबा जाधवांच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत घडला. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याला गादीवर जगातल्या उत्तम मल्लांशी लढावे लागले आणि तो सहावा आला. गावच्या फडात राहिला असता तर त्याच्या नावावर विजय पुष्कळ लागले असते. आपले डाव कुठे अपुरे पडतात हे त्याला कळले असते का, याची शंका आहे. चार वर्षांनी हेलसिंकीला त्याने कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मधल्या काळातली मेहनत त्याची स्वतःची, पण मेहनत कशाची करायची हे लंडनच्या पराभवांनी शिकवले.

तरीही ‘नेहमी वरचढाशीच लढावे’ असा सरसकट नियम करता येत नाही, कारण जोखीम कोणाच्या अंगावर येते हे पाहावे लागते. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हा प्रश्न उघडपणे पैशाचा झाला आहे. तिथल्या संघांचे बरेचसे सामने आपल्या गटात होतात, पण काही सामन्यांसाठी गटाबाहेरचा प्रतिस्पर्धी निवडता येतो. बडी विद्यापीठे लहान कॉलेजांना रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. बड्यांच्या खात्यात एक विजय जमा होतो, लहानांच्या तिजोरीत पैसा. १ सप्टेंबर २००७ रोजी असे चार लाख डॉलर घेऊन आलेल्या अपालाचियन स्टेटने मिशिगनला ३४-३२ असे हरवले. हा निकाल आजही सांगितला जातो तो दुर्मीळ म्हणूनच. एरवी अशा सामन्यात मार खातात ती विद्यार्थ्यांची शरीरे, आणि करारावर सही दुसऱ्याच कोणाची असते.

जत्रेतही हीच भेग आहे. कमावलेल्या मल्लाने स्वतः शड्डू ठोकून आपल्यापेक्षा भारी गड्याला आव्हान दिले तर ते धैर्य. वस्तादाने तालमीच्या नावासाठी, किंवा पंचांनी गर्दी खूश व्हावी म्हणून, सोळा वर्षांच्या पोराला तयार मल्लापुढे ढकलले तर तो अन्याय, मग पोराने होकार दिला असला तरी. त्या वयात हलगी वाजत असताना नकार देण्याची मोकळीक नावापुरतीच असते. मानेची किंवा गुडघ्याची दुखापत घरी घेऊन जाणारा तो असतो, निर्णय घेणारा नव्हे. वरचढाशी लढण्याचे कर्तव्य मल्ल स्वतःवर घालू शकतो. दुसऱ्याने ते त्याच्यावर लादू नये.

उलट बाजूने, तयार मल्लाला बाहेरच्या जोडीपासून दूर ठेवणेही योग्य नाही, आणि आज जिल्ह्यापुढे हा प्रश्न अगदी ताजा आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर झालेल्या महाराष्ट्र केसरीत पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरला. मार्चमध्ये कर्जतला दुसऱ्या संघटनेच्या छत्राखाली महाराष्ट्र केसरीच झाली आणि वेताळ शेळकेने गदा उचलली. एकाच जिल्ह्यात दोन महिन्यांच्या आत दोन केसरी झाले. संघटनांचा वाद कोर्ट-कचेरीने कसाही मिटो, कोणता मल्ल सरस हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी कप्प्याबाहेर जाऊन हाताला हात लावावा लागतो. गावच्या फडात मल्ल कोणत्या संघटनेचा हे विचारण्याचे पंचांना कारण नसते. जुन्या हगाम्याचे हे बलस्थान जपण्यासारखे आहे.

कठीण जोड घेणाऱ्याला बळ देणारी रीतही हगाम्यातच आहे. हलका मल्ल भारी मल्लापुढे टिकला, पट वाचवत, कब्ज्यातून सुटत वेळ काढत राहिला, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि इनाम निम्मे-निम्मे वाटतात. अशा वेळी गर्दीतले लोक हलक्या मल्लाच्या हातात वरून बक्षीस ठेवतात. हार-जितीखेरीज समोर कोण होता याचाही हिशेब त्यात धरलेला असतो. ज्या गावांनी ‘फक्त निकाली कुस्तीलाच इनाम’ असा नियम केला आहे तिथे रटाळ कुस्त्या कमी झाल्या असतील, पण तिथे हलका मल्ल भारी जोड घ्यायला कचरणार हे उघड आहे. निकालीचा नियम ठेवायचा असेल तर वरच्या जोडीशी ठरावीक वेळ टिकणाऱ्यासाठी वेगळी रक्कम वर्गणीतून बाजूला काढावी, आणि ती फड सुरू होण्याआधी जाहीर करावी.