वखवख

सेमाग्लुटाइड की टर्झेपेटाइड, हा प्रश्न वरवर पाहता सोपा आहे. २०२५मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या दोन औषधांची समोरासमोर तुलना छापून आली. लठ्ठपणा असलेली पण मधुमेह नसलेली ७५१ माणसं आणि ७२ आठवडे. टर्झेपेटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी २०.२ टक्के उतरलं, सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं १३.७ टक्के. चाचणी टर्झेपेटाइड बनवणाऱ्या कंपनीनेच केली होती आणि कोण कोणतं औषध टोचून घेतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण फरक इतका मोठा आहे की तेवढ्याने तो पुसला जात नाही. फोन घेताना दोन मॉडेलं शेजारी-शेजारी ठेवून बघायची सवय असलेल्या आमच्यासारख्यांना इथे निवडायला काही उरतच नाही. मोठा आकडा घ्या, पैसे भरा, विषय संपला.

माझ्या मावसबहिणीने मला हा प्रश्न विचारला तेव्हा तिलाही असंच काहीतरी उत्तर हवं होतं. "तू इंजिनिअर ना, मग मला एक तक्ता करून दे," असं ती म्हणाली. वय २९, बीएमआय ३१, पीसीओएस, पाळीचा काही भरवसा नाही, आणि घरात गेली दोन वर्षं 'स्थळं' हा एकच विषय. मी तक्ता केला. एका रकान्यात टक्के, एकात किंमत, एकात मळमळ-उलट्या-बद्धकोष्ठता. तो करताना लक्षात आलं की एक रकाना मला भरताच येत नाहीये: हे कशासाठी?

आधी यंत्रणा थोडक्यात. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते मेंदूला सांगतं, पुरे झालं. जठराला सांगतं, जरा सावकाश. आपलं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात काही मिनिटंच टिकतं. सेमाग्लुटाइड हा त्याचाच आठवडाभर टिकणारा तोतया. टर्झेपेटाइड जीएलपी-१बरोबर जीआयपी नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाचंही सोंग घेतं. दोन्ही आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली टोचायची, दोन्ही छोट्या डोसपासून हळूहळू वाढवत न्यायची. यातलं काहीही केमिस्टकडे जाऊन आपल्या मनाने घ्यायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

ही औषधं घेणाऱ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार येते. इंग्रजीत त्याला 'फूड नॉइज' म्हणतात. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज नाही, 'वखवख' आहे. पोट भरलेलं असताना फ्रीजमधल्या उरलेल्या शिऱ्याचा विचार डोक्यात भुणभुणत राहणं म्हणजे वखवख. माझ्या ऑफिसातला एक जण सहा महिने टर्झेपेटाइडवर आहे. तो म्हणतो, "पहिल्या पंधरवड्यात एके दिवशी दुपारी जाणवलं की डोक्यात शांतता आहे. मला वाटायचं सगळ्यांच्याच डोक्यात हा रेडिओ चालू असतो."

हे वाक्य मला नैतिकदृष्ट्या फार महत्त्वाचं वाटतं. कारण या इंजेक्शनांवरचा आपल्याकडचा मुख्य आक्षेप वैद्यकीय नाही, तो चारित्र्याबद्दलचा आहे. मावशीचं म्हणणं, "जिभेवर ताबा नको, आणि सुया टोचून बारीक व्हायचं." म्हणजे ही कॉपी झाली. आता, मावशी स्वतः रक्तदाबाची गोळी घेते आणि चष्मा लावते. डोळ्यांचे व्यायाम करून नंबर न घालवल्याबद्दल तिला कुणी आळशी म्हणत नाही. वजनाचंच काय असं आहे की ते एकदम चारित्र्याच्या प्रमाणपत्रासारखं वाचलं जातं? ज्याच्या डोक्यात तो रेडिओ कधी लागलाच नाही, त्याचा संयम हा संयम नव्हे. ती शांतता आहे, आणि ती त्याने कमावलेली नाही.

शिवाय ते प्रमाणपत्रही खोटं असू शकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे तक्त्यात दोघंही ठणठणीत. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. 'बारीक पण आतून लठ्ठ' हा भारतीय देह जगाला समजावून सांगण्यात पुण्यातल्या या संशोधनाचा मोठा वाटा आहे, आणि भारतीयांसाठी बीएमआयच्या मर्यादा खाली आणल्या जाण्यामागे असेच निष्कर्ष आहेत. तेव्हा काटकुळा काका संयमी आणि गुबगुबीत पुतणी खादाड, हा आपला घरगुती न्याय निव्वळ डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर चालतो.

इथपर्यंत मी इंजेक्शनांचा वकील आहे. पुढे गोष्ट अवघड होते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, स्थितप्रज्ञाच्या वर्णनात, उपासाबद्दल एक बारीक मुद्दा येतो: उपाशी राहून माणूस वस्तूंपासून दूर जातो, पण त्यांची ओढ जात नाही. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण त्याचीच लोकआवृत्ती. ती ओढ जायला गीतेत परमतत्त्वाचं दर्शन लागतं. इथे आठवड्याला एक सुई पुरते, आणि क्रम बरोबर उलटा होतो: ताट समोर आहे, कुणी अडवलेलं नाही, आणि ओढच नाहीशी झालीये. ही मुक्ती म्हणायची की भूल?

हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१च्या एका निबंधात इच्छांचे दोन मजले सांगितले. खालच्या मजल्यावर 'मला जिलबी हवी'. वरच्या मजल्यावर 'मला जिलबी हवीशी वाटू नये, असं मला वाटतं'. माणूसपण म्हणजे हा वरचा मजला असणं, आणि खालची इच्छा वरच्या इच्छेच्या म्हणण्यात राहिली की माणूस स्वतंत्र. हे मान्य केलं तर इंजेक्शनने स्वातंत्र्य वाढतं. माझा सहकारी आता त्याला हवा होता तसा माणूस झालाय. जेवणाची वेळ झाली की कॅन्टीनचा मेनू तो विमा पॉलिसीच्या अटी वाचाव्यात तसा वाचतो, हे जरा करुण आहे. पण त्याचं गुडघ्याचं दुखणं कमी झालंय आणि तो मुलीबरोबर पर्वती चढून आला, त्यापुढे मिसळीची तर्री किती वजनाची हे ठरवायचा हक्क त्याचा.

फ्रँकफर्टच्या इमारतीत मला एक खोली रिकामी दिसते. वरच्या मजल्यावरची इच्छा तरी कुठून आली? वखवख माझी नाही, ती माझ्या संप्रेरकांची आहे असं म्हणताना आपण चटकन गृहीत धरतो की बारीक व्हायची इच्छा मात्र शंभर टक्के माझी. लग्नाच्या जाहिरातींत 'सडपातळ' हा शब्द 'उच्चशिक्षित'च्या शेजारी वर्षानुवर्षं बसलाय. माझी बहीण बारावीत असल्यापासून दर लग्नकार्यात कुणी ना कुणी मामी तिच्या ताटाकडे बघते. अशा घरात वाढलेल्या मुलीची 'मला बारीक व्हायचंय' ही इच्छा आणि माझ्या सहकाऱ्याची 'मला गुडघे हवेत' ही इच्छा, दोन्हींवर एकच औषध चालतं. औषधाला फरक कळत नाही. कळण्याची जबाबदारी त्याच्याकडे नाहीच.

आणि हा फरक हवेतला नाही, तो थेट तक्त्यात येतो. ही औषधं थांबवली की वजन परत येतं. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात लोकांनी घटवलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं. टर्झेपेटाइडचीही गत वेगळी नाही. म्हणजे हा रक्तदाबाच्या गोळीसारखाच दीर्घकाळाचा मामला आहे, लग्नाआधीचा क्रॅश कोर्स नव्हे. दुसरीकडे, गर्भारपणात ही औषधं घ्यायची नसतात. सेमाग्लुटाइड तर दिवस राहायच्या किमान दोन महिने आधी थांबवायला सांगतात. टर्झेपेटाइड सुरू करताना आणि डोस वाढवताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा कमी होतो. पीसीओएस असलेल्या बाईचं वजन उतरलं की बीजकोशांचं काम सुधारू शकतं, म्हणजे दिवस राहायची शक्यता अचानक वाढते.

आता हे आपल्या घरगुती वेळापत्रकावर ठेवून पाहा. स्थळासाठी इंजेक्शन सुरू करायचं. वर्षभरात वीस किलो उतरवायचे. लग्न. लग्नानंतर सहा महिन्यांत तीच मामी विचारणार, "मग, गोड बातमी कधी?" त्यासाठी इंजेक्शन बंद. वजन वर. मग पुन्हा ताटाकडे बघणं. ज्या दोन मागण्या एकाच तोंडातून येतात त्या एका देहात एका वेळी पुऱ्या होऊ शकत नाहीत, आणि त्यांच्यातली तडजोड त्या मुलीच्या पोटात सुईने करायची असं ठरतंय. एन्डोक्रिनॉलॉजिस्टने तिला घरात कुणाला विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग होता का, स्वादुपिंडाचा त्रास झालाय का, पित्ताशयात खडे आहेत का, हे विचारलं. मग शांतपणे विचारलं, "येत्या दोन वर्षांत मूल हवंय का?" तिने आईकडे पाहिलं, कारण आई शेजारच्या खुर्चीत बसली होती.

हा प्रश्न मला सगळ्या टक्केवारीपेक्षा मोठा वाटला. ती दुसऱ्यांदा डॉक्टरांकडे गेली तेव्हा एकटी गेली.

कोणतं निवडायचं, यावर माझं मत अजूनही आहे, आणि ते मोठ्या आकड्याच्या बाजूने नाही. पावणेचौदा आणि वीस टक्के या सरासऱ्या आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंना माणसं पसरलेली असतात, आणि आपण कुठे पडू हे आधी कळत नाही. जे कळतं ते असं. ज्यांना आधीच हृदयविकार आहे, त्यांच्यासाठी सेमाग्लुटाइडच्या बाजूने भक्कम पुरावा आहे: २०२३मध्ये आलेल्या १७,६०४ लोकांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना २० टक्क्यांनी घटल्या. पंचावन्नच्या काकांना मी ते आधी विचारायला सांगेन. ज्याला खूपच वजन उतरवायचंय, त्याला टर्झेपेटाइड. आणि दोन्ही घेताना उतरणाऱ्या वजनात स्नायूही असतात, तेव्हा वजनं उचलणं आणि डाळ-अंडी-पनीर टाळता येत नाही.

उरतो पैसा. मार्च २०२५मध्ये टर्झेपेटाइड भारतात आलं तेव्हा सुरुवातीच्या डोसची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, म्हणजे महिन्याला १४,०००, आणि डोस वाढला की खर्च वाढणार. आयटीतला पगार हे वर्षभर पेलतो. दहा वर्षं पेलेल का, याचा विचार कुणी करत नाही. मार्च २०२६मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत संपली आणि इथल्या कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली. टर्झेपेटाइडच्या पेटंटला अजून बरीच वर्षं आहेत. जे औषध थांबवलं की परत मूळ पदावर येणं आहे, त्यात कमी परिणामाचं पण दहा वर्षं परवडणारं औषध जास्त परिणामाच्या पण दोन वर्षांत सोडाव्या लागणाऱ्या औषधापेक्षा मला बरं वाटतं. बहिणीला मी हे सांगितलं. तिने तक्ता वाचला आणि मी रिकाम्या ठेवलेल्या रकान्यात स्वतः लिहिलं: 'पाळी नियमित व्हावी. जिना चढताना धाप लागू नये.' लग्नाचा उल्लेख नव्हता. मूल हवं की नको, यावर तिने डॉक्टरांकडे सहा महिने मागून घेतलेत, आणि तोवर सुई सुरू केलेली नाही. मावशीला वाटतंय की ती खर्चाला घाबरली.