विनवणी आणि दाद

शाळेत अर्जलेखन शिकवताना मुलांच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडते : 'तरी कृपा करून माझी विनंती मान्य करावी.' शुल्क भरून दाखल्याची प्रत मागायची, तरी कृपा! ही सवय केवळ शाळेची नव्हे. आपल्या आजोबांच्या तोंडी 'जोहार, मायबाप' होता.

विनवणाऱ्याचे काम दुसऱ्याच्या मर्जीवर चालते. 'दाद मागणे' वेगळे. दाद हा फारसी शब्द, अर्थ न्याय. दाद मागणारा आपला हक्क धरून बोलतो आणि कारणे पुढे ठेवतो. (गवयाला आपण दाद देतो, तीही भीक नव्हे.) मात्र अर्ज म्हणजे लाचारी, असेही समजू नये. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे अर्ज केला : महारांना लष्करात व पोलिसांत घ्या. भाषा त्या काळची, नम्र; पण आधार पूर्वजांनी केलेल्या लष्करी सेवेचा होता.

आता महाड पाहा. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले झाले, १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा कोणाला विनवले नव्हते. कोर्टात गेले ते स्पृश्य! तळे खाजगी आहे, वहिवाट जुनी आहे, हा त्यांचा दावा. ते खाली हरले, वर गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टातही हरले. वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. म्हणजे दाद मागितली की न्याय आपल्या बाजूला असतोच, असे नाही. पुरावा द्यावा लागतो, आणि तो नसला तर हार पत्करावी लागते. विनवणाऱ्यावर हे बंधन नसते, म्हणूनच त्याच्या शब्दाला वजनही नसते.

इथे नव्या मुंबईत काही नवदीक्षित कुटुंबे विचारतात, लाचारी सोडली, मग भन्तेंपुढे हात जोडून 'याचामि' का म्हणायचे? प्रश्न रास्त आहे. त्याच याचनेत 'अनुग्गहं' म्हणजे कृपा हा शब्दही आहे, तो लपवू नये. पण मागतो काय? धान्य नव्हे, जागा नव्हे, तिसरणासह पंचशील. ते भन्तेंच्या पदरचे नसते. ते पाठ सांगतात, एवढाच अनुग्रह. पुढे प्रत्येक शील 'समादियामि' या शब्दाने संपते, म्हणजे 'मी स्वतः स्वीकारतो'. घरी जाऊन कोणी बाटली उघडली, तर भन्तेंना विनवून ते शील परत मिळत नाही. मुलांना 'याचामि' पाठ करून घेताना 'समादियामि'चा अर्थही त्याच बैठकीत सांगावा. अनेक घरांत तो राहून जातो.