नियम आणि सवय : कांटच्या उत्तरायुष्याविषयी

इमॅन्युएल कांटचे नाव निघाले की त्याच्या ग्रंथांच्या आधी त्याच्या घड्याळाचे स्मरण व्हावे, हे त्या थोर तत्त्वचिंतकाचे दुर्दैवच म्हटले पाहिजे. पहाटे पाचाच्या ठोक्याला मार्टिन लाम्पे या निवृत्त शिपाईगड्याने त्याला उठवावे आणि धन्याने कितीही विनवण्या केल्या तरी पुन्हा झोपू देऊ नये, असा सक्त हुकूम. मग चहा, चिलीम आणि व्याख्याने. दुपारी एक वाजता मित्रमंडळींसह दिवसातले एकमेव भोजन. त्यानंतर फेरफटका आणि रात्री दहाला शय्या, हा शिरस्ता इतका अढळ की त्याला फिरावयास निघालेला पाहून कोनिग्जबर्गचे नागरिक आपली घड्याळे लावून घेत, अशी आख्यायिकाच रूढ झाली.

परंतु ज्याला जग यंत्रवत् समजते तो हा पुरुष तरुणपणी बिलियर्ड व पत्ते खेळणारा, मेजवान्यांत रमणारा आणि पोशाखाच्या बाबतीत चोखंदळ असा अध्यापक होता. त्याच्या जीवनाला ही रेखीव शिस्त चाळिशीच्या सुमारास आली, आणि तीही बहुतांशी जोसेफ ग्रीन या इंग्रज व्यापाऱ्याच्या सहवासाने, ज्याचा काटेकोरपणा त्या शहरात सर्वश्रुत होता. जन्मतःच छाती अरुंद आणि प्रकृती नाजूक असलेल्या माणसाला दीर्घ चिंतनाचे काम तडीस न्यावयाचे असेल, तर त्याने आपल्या दिवसाची मांडणी स्वतःच करावी, हे ओघानेच आले. 1781 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘शुद्ध बुद्धीची मीमांसा’ सिद्ध झाली ती त्याच शिस्तीच्या वर्षांत.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती मला त्या आख्यायिकेपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. 1798 साली प्रसिद्ध केलेल्या मानवशास्त्रावरील ग्रंथात कांटने सवयीला सामान्यतः निंद्य ठरविले आहे. कारण केवळ अंगवळणी पडले म्हणून घडणाऱ्या सत्कृत्यातून मनाचे स्वातंत्र्य हरपते आणि त्याबरोबर त्या कृत्याचे नैतिक मूल्यही जाते. मग घड्याळाच्या काट्यावर जगणाऱ्या या माणसाने आपल्याच सिद्धांताचा भंग केला काय? माझ्या मते नाही. बुद्धीने स्वतःसाठी घालून घेतलेला नियम आणि शरीराला जडलेली सवय यांतील अंतर, ती बुद्धी जागी आहे तोवर, कायम राहते. खरी कसोटी लागते ती बुद्धीच मावळू लागल्यावर.

कांटला ती कसोटी चुकली नाही. स्मृती इतकी क्षीण झाली की नित्याच्या गोष्टीही चिठ्ठ्यांवर टिपून ठेवाव्या लागत, आणि घरचा सारा कारभार वासियान्स्की या धर्मोपदेशक मित्राने हाती घेतला. सुमारे चाळीस वर्षे चाकरी केलेला लाम्पे मद्यपी व उद्धट झाल्यामुळे 1802 मध्ये बडतर्फ झाला. त्याला वर्षासन मुक्रर करण्यात आले, पण त्याचे नाव काही केल्या ओठांवरून जाईना, तेव्हा ते आता पूर्णपणे विसरले पाहिजे, अशी नोंद कांटने आपल्या टिपणवहीत केली. संकल्पाने मनावर राज्य करता येते, असे आयुष्यभर मानणाऱ्या पुरुषाची ही नोंद वाचताना मन कळवळते.

12 फेब्रुवारी 1804 रोजी, ऐंशीव्या वर्षी, तो निवर्तला. त्याआधी नऊ दिवस वैद्य भेटीस आले, तेव्हा उभे राहण्याचे त्राण नसतानाही पाहुणा आसनस्थ होईपर्यंत तो बसला नाही, आणि मनुष्यत्वाची जाणीव आपल्याला अद्याप सोडून गेलेली नाही, असे त्याने कष्टाने सांगितले. कोणी म्हणेल, ही निव्वळ अंगवळणी पडलेली शिष्टाचाराची रीत होय. असेलही, पण ती अंगवळणी पडली ती कोणाच्या निवडीने, हा प्रश्न उरतोच, आणि या ठिकाणी कांटचा सवयीवरील निर्णय मला अतिकठोर वाटतो. शिवाय वासियान्स्कीने नोंदविलेला दुसरा एक प्रसंग असा आहे की ज्याला कोणतीही सवय पुरी पडली नसती. बडतर्फ लाम्पेने चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागितला. एका बाजूला दया आणि दुसऱ्या बाजूला सत्याचा निष्ठुर आग्रह, अशा पेचात सापडलेला तो वृद्ध कोरा कागद समोर ठेवून कितीतरी वेळ बसून राहिला, आणि अखेर त्याने लिहिले ते एवढेच की या माणसाने दीर्घकाळ निष्ठेने सेवा केली, परंतु माझ्यासारख्या जराजर्जर मनुष्याच्या शुश्रूषेस लागणारे गुण त्याच्या ठायी नव्हते.