ओटा आणि पाटा

मुरुडच्या कोळीवाड्यात एका घराला नवं स्वयंपाकघर झालं. कर्नाटकातल्या गुलाबी ग्रॅनाइटचा ओटा बसला, मिक्सर आला आणि आजेसासूच्या वेळचा काळा पाटा मागीलदारी पाणचुलीपाशी जाऊन पडला. छिन्नीने टाकी लावून कैक वर्षं झालेली. मधोमध गुळगुळीत, पण कडेच्या खाचांत हळद अजून पिवळी.

रात्री खिडकीतून ओटा म्हणाला, “तुझं वय ते काय! साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, त्यातला तू. मी अडीचशे कोटींचा. खंडं उभी आहेत ती आमच्या जिवावर.”

“खरं आहे,” पाटा म्हणाला. “पण तुम्ही आलात कशातून?”

ओटा गप्प.

“पृथ्वी लहान होती तेव्हा तिची कातडी माझ्यासारखीच काळी, बेसॉल्टची. वर सगळा समुद्र. त्या दगडात पाणी मुरलं, थरावर थर चढून तो खोल दबला, तापला, वितळला. सगळा नाही, थोडाच. तो हलका रस वर येऊन थिजला, जड साका खाली गेला. कोट्यवधी वर्षं हेच चाललं. घनमीटरला माझं वजन ३ टनांच्या आसपास, तुझं २.७. एवढ्याशा फरकावर खंडं तरंगतात! हलक्या दगडाचं बूड पन्नासेक किलोमीटर जाड झालं, तेव्हा कुठे झारखंड-ओडिशाकडची सिंहभूमची जमीन पाण्याबाहेर आली. तिथले वाळूचे दगड तपासून शास्त्रज्ञांनी २०२१ साली सांगितलं, ही गोष्ट सुमारे ३२० कोटी वर्षांपूर्वीची.”

 

“म्हणजे मी तुझा...”

“माझा नाही. माझ्या जातीच्या कुणा आईचा. आणि मी तरी कुणाच्या पाठीवर निजलोय? कोयनेला खोल भोक पाडलं, तर जवळपास १ किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर खाली तुझेच आप्त निघाले.”

ओटा बराच वेळ बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “या घराचं जोतं कशाचं आहे रे?”

“काळ्या दगडाचं.”

सकाळी सासूबाईंनी बोंबलाचं कालवण चाखलं आणि वाडगा बाजूला सारला. “वाटणाला चव नाय गो.” तेवढ्यात वाटेवरून हाळी आली, “पाट्याला टाकीऽऽ!” सून मागीलदारी धावली, पाटा उचलून आत आणला, ओट्याच्या पायाशी ठेवला आणि टाकीवाल्याला म्हणाली, “दादा, इथंच बसा.”

छिन्नीची टकटक सुरू झाली. दर घावाला ओट्याखालचं जोतं हलकेच घुमत होतं.