पाणी ओसरल्यावर
सुरतेतली श्रावणातली संध्याकाळ. ओट्यावर बसा, नाहीतर खिडकीपाशी. पाठ भिंतीला टेकू द्या, पावलं फरशीवर पूर्ण ठेवा. डोळे मिटावेसे वाटत नसतील तर उघडेच असू देत.

पाऊस वाजतो आहे. ऐका नुसता.

अंगात कुठे काही हललं का? ‘उकाई धरणातून किती पाणी सोडलं?’ एवढं कुणी विचारलं तरी 2006 चा पूर पाहिलेल्याच्या पोटात गोळा येतो. ऑगस्टच्या त्या आठवड्यात धरणातून 9 लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं. त्यात राखीपौर्णिमेची भरती, समुद्र तापीला आत घेईना. अडाजण, रांदेर, कतारगाम पाण्याखाली गेले. खानदेशातून इथे पोट भरायला आलेल्यांची तर ती गावाकडचीच नदी. भुसावळ, प्रकाशा ओलांडून आलेली तापीमाय दारात अशी उभी राहिली.

पोटात गोळा. छातीत धस्स. घशाला कोरड. आपल्या भाषेने भीतीचं ठिकाण शरीरातच सांगितलं आहे, आणि ते खरं आहे. धोका दिसताच मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं, ठोके वाढतात, पचन मंदावतं, स्नायू ताठतात. पोराला उचलून माळ्यावर चढायला हे लागतंच. पण पाणी ओसरतं, चिखल निघतो, भिंतीवरची पुराची रेघ रंगाखाली जाते. काहींच्या शरीराला मात्र ही बातमी पोचतच नाही. रात्री पावसाचा जोर वाढला की झोप मोडते, खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. याला कमजोरी म्हणू नका. मला ते इमान वाटतं. एवढी वर्षं ते शरीर पहाऱ्यावर उभं आहे.

आता त्या खांद्यांकडे लक्ष न्या. ओढून खाली आणू नका. श्वास येऊ द्या. सोडताना लांबवा, गरम चहावर फुंकर घालावी तसा. सावकाश सुटणाऱ्या श्वासासरशी ठोके आपोआप मंदावतात, समजूत घालावी लागत नाही.

पुन्हा एकदा.

भीती वाढू लागली तर इथेच थांबा. हात भिंतीवर ठेवा. ती कोरडी आहे. घरात कुणाला तरी हाक मारा. झोप, भूक रोजच उडाली असेल, तर डॉक्टरांना सांगा. ताप आल्यावर सांगतो तसंच.

पाऊस चालूच आहे. पलीकडच्या गल्लीत लूम चालू आहेत. पावलांखाली फरशी आहे. तिचा गारवा आधी टाचांना लागतो, मग बोटांना.