कोणी येणार नसतं त्या दिवसासाठी

देवा, बौद्धिक दिव्यांग लेकराची म्हातारी आई तुझ्यापुढे हात जोडून काय पुटपुटते, ते तुला ठाऊक आहे. ‘माझ्या एक दिवस आधी याला ने.’ ते ऐकू नकोस. तिला लेकरू जड झालेलं नाही. आपल्यामागे याचं कोण करील, या धास्तीपायी ती तसं बोलते. तिची धास्ती मिटेल असं घर या लेकरांना दे.

वाढदिवसाचा केक घेऊन पाहुणे येतात त्या दिवशी निवासी संस्थेत सगळं छान असतं. फरशी पुसलेली असते, केस विंचरलेले असतात, सगळे रांगेत उभे राहून तुझीच प्रार्थना म्हणतात. तपासणीला साहेब येतात तेव्हा रजिस्टरंही पुरी असतात. तू मात्र आडवारी ये. टळटळीत दुपारी, कोणीच येणार नसतं तेव्हा ये. ज्याला गिळताना ठसका लागतो, त्याला भात मऊ कालवून, आधीचा घास खाली उतरल्यावरच पुढचा देतात का, ते बघ. फिटची गोळी ठरल्या वेळी मिळते, की सगळ्यांचं आटपल्यावर? दोरीवरचं हाताला लागेल ते अंगात चढवतात, की ज्याचा शर्ट त्यालाच मिळतो? उवा झाल्या म्हणून सरसकट सगळ्यांची डोकी भादरतात का? चाळिशी उलटलेल्या माणसाला ‘ए बाळ्या’ अशी हाक मारतात का? दाढ ठणकते म्हणून एखादा स्वतःच्याच गालावर मारून घेतो. त्याला चिडका ठरवून झोपेचं औषध देण्याआधी त्याचं तोंड उघडून बघणारं कोणीतरी तिथे असू दे.

ज्यांना सांगता येत नाही, त्यांच्या वतीनं परस्पर ठरवून मोकळं व्हायची आमची खोड मोड. 1994 साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्यात काढून टाकली. का, तर त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. तेही निगा राखण्याच्याच नावाखाली झालं. आता 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. छळ होतोय असं वाटलं, तर कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो. पण तसं वाटायला आधी कोणीतरी तिथे जाऊन बसायला हवं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती बुद्धी दे.

रात्रपाळीला एकट्या असणाऱ्या मावशींना सांभाळ. ओली चादर एका रात्रीत तिसऱ्यांदा बदलताना जिच्या तोंडून वावगा शब्द निघत नाही, ती तुझीच पूजा करते. पण नुसत्या पुण्यावर तिची चूल पेटत नाही. तिला पोटापुरता पगार, हक्काची सुट्टी, नीट शिकवणारं माणूस आणि जोडीला आणखी एक मावशी मिळू दे. दयेवर राबणारी माणसं कधीतरी थकतात, आणि थकलेल्या माणसाचा हात उठतो.

बालगृहातलं निराधार दिव्यांग मूल अठरा वर्षांचं झालं की नियम त्याला बाहेरची वाट दाखवतो. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी आपल्या बालगृहात तसं होऊ दिलं नाही. मुलांना आपलं आडनाव दिलं, मोठी झाली तरी घरातच ठेवली, आणि अशा मुलांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा म्हणून सरकारचा पिच्छा पुरवला. 2024 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. देवा, सन्मान झाला, आता त्यांचं मागणंही सरकारच्या मनावर घाल. एका बाबांच्या जिवावर किती पोरं तरणार?

आणि आम्हा नातलगांना सोडू नकोस. फॉर्मवर सही केली, डिपॉझिट भरलं, की सुटलो असं आम्हाला वाटू देऊ नकोस. दिवाळीचा फराळ पोचवला की कर्तव्य झालं, असं भावाबहिणींना म्हणू देऊ नकोस. त्यांना संस्थेत न कळवता जायला लाव, स्वयंपाकघरात डोकवायला लाव, अंगावरचा वळ कशाचा म्हणून विचारायला लाव. आणि त्या प्रश्नानं ज्यांच्या कपाळाला आठी पडत नाही, अशाच माणसांच्या हाती ते घर असू दे.